तेम्योंगचं कासव

तेम्योंग दुमलाव डावखुरा आहे. आमच्या गावच्या कबरस्तानातले निम्मे दगड त्याने कोरलेत, उरलेले त्याच्या बापाने. बाप उजव्या हाताचा, त्यामुळे कुठला दगड कुणाचा ते जवळून पाहिलं की कळतं. बापाचे घाव उजवीकडून उतरतात, तेम्योंगचे डावीकडून. हे मला त्यानेच दाखवलं. मी तेव्हा कॉलेजात साहित्य शिकत होते. तो दगड कोरायचा, मी त्यावरच्या ओळी जुळवून द्यायचे. लोक येऊन सांगायचे, म्हातारा फार चांगला होता, तसं काहीतरी लिही. मी लिहायचे. तेम्योंग वाचायचा आणि म्हणायचा, "आदिंग, सहा शब्द कमी कर. खांदा माझा मोडतो."

आदिंग म्हणजे धाकटं भावंड. मी त्याला मानोंग म्हणायचे, थोरला. नात्याने आम्ही एकमेकांचे कुणी नव्हतो.

त्याची बायको मिला हाँगकाँगला लोकांच्या घरी कामाला. नऊ वर्षं झाली. तिला रविवारी सुट्टी, म्हणून रविवारी फोन. त्या आठवड्यात कोण मेलं ते तो तिला सांगायचा, कारण त्याच्याकडे दुसरी बातमी नसायची. "माझ्याशी बोलायला तुला कुणीतरी मरावं लागतं," असं ती एकदा म्हणाली होती. हे त्यानेच मला हसत सांगितलं.

मग सिनेमावाले आले.

मनिलाची कंपनी. गोष्ट पंचेचाळीस सालची. युद्ध संपत आलंय, जपानी फौज आमच्याच डोंगरांतून मागे हटतेय, आणि सात शिपाई लढाई सोडून सोन्याच्या एका पेटीमागे लागतात. विनोदी सिनेमा. शिपाई एकेक करून मरतात आणि प्रत्येक मरणाला हसू येतं. शेवटी एकटा उरतो. त्याला पेटी उघडता येत नाही. तो तिच्यावर बसून रताळं खातो. युद्ध संपलंय हे त्याला सांगायला कुणी शिल्लक नसतं.

माझं काम संवाद आमच्या बोलीत आणायचं. तेम्योंगचं काम कासव कोरायचं. जपान्यांनी जिथे सोनं पुरलं तिथे खडकावर खूण केली, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाण, फुली, नाहीतर कासव. कासवाचं तोंड जिकडे, सोनं तिकडे. कंपनीतल्या नेपथ्यवाल्या बाईंनी कागदावर कासव काढून दिलं आणि तेम्योंगने ते ओढ्याकाठच्या खडकात तीन दिवसांत उतरवलं. मग बाईंनी त्याला नव्याचं जुनं कसं करतात ते शिकवलं. उसाचं व्हिनेगर चोळायचं, वर रेड्याचं शेण, त्यावर शेवाळ दाबून बांधायचं आणि ओलं ठेवायचं. काही दिवसांनी फडकं सोडलं तेव्हा तेम्योंग दोन पावलं मागे सरला. "हे माझ्या बापाच्या आधीचं वाटतं गं," म्हणाला.

दिग्दर्शकाला त्याचा चेहरा आवडला. त्याला एक प्रसंग दिला. शिपाई पाथरवटाच्या कपाळाला बंदूक लावतात, कासवाचं तोंड दुसरीकडे फिरव म्हणतात, आणि तो छिन्नी खाली ठेवून सांगतो, "दगडाची मान वळत नाही, साहेब." वाक्य माझं होतं. अकरा वेळा घेतलं. त्या रविवारी मिलाच्या फोनवर कोण मेलं ते सांगायचं राहून गेलं.

गावाला मात्र सिनेमा पटला नाही. सिनेमा हे निमित्त, हे सोनं न्यायला आलेत, असं गावाचं म्हणणं. कंपनी परत निघाली तेव्हा लोकांनी रस्त्याच्या कडेला बसून ट्रक मोजले. आले अकरा, गेले बारा. बाराव्यात भाड्याच्या खुर्च्या होत्या. मी स्वतः त्या चढवल्या होत्या. मी तसं सांगितलं.

"तुला खुर्च्याच दाखवणार ना ते," माझे वडील म्हणाले.

माझे वडील फ्लोरेन्सियो तुमानेंग. फौजेतून सार्जंट होऊन निवृत्त. गाव त्यांना सार्हेंतो म्हणतं, मी तातांग. आई गेल्यापासून ते फार बोलत नसत. झऱ्याखालच्या खाचरात भात लावायचे. तिथे वर्षाला दोनदा पिकतं, त्यावर आमचं घर चालायचं. वरची आमची जमीन म्हणजे खडक आणि वेली.

सिनेमा गावात दाखवला तो बास्केटबॉलच्या मैदानावरच्या छपराखाली, भर दुपारी, चारी बाजूंनी ताडपत्र्या बांधून. तेम्योंग इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता. त्याचा प्रसंग आला. पडद्यावर एक हात दिसला. डावा, छिन्नी धरलेला. एक घाव बसला, कपची उडाली आणि पुढचा प्रसंग सुरू झाला.

"अजून येईल," मागून कुणीतरी म्हणालं.

आलं नाही. सिनेमा संपून ताडपत्र्या सोडल्या तेव्हा लोक त्याच्याभोवती जमले.

"हात झकास होता हो, मानोंग."

"पुढच्या सिनेमात पाय घेणार आहेत म्हणे."

"कान कधी?"

तोही हसला. तातांग सिनेमाभर सगळ्यात जास्त हसले होते. "माझ्या पलटणीत असते ना, एकेकाला सोलून काढला असता," ते घरी येईपर्यंत सांगत होते. "दगडावर कासव दिसलं म्हणून खणत सुटलेत, गाढवं."

मिलाने तिकडे फोनवर सिनेमा पाहिला. रविवारी तिने विचारलं, तू कुठे होतास? तो म्हणाला, हात माझा होता. ती म्हणाली, कुठला हात? हे मला सांगताना तो कुणाचा तरी दगड पाण्याने घासत होता. सांगून झाल्यावरही घासत राहिला.

पाच महिन्यांनी कॅप्टन वाल्देरामा आला. तोही निवृत्त. प्लास्टिकच्या पिशवीत नकाशा. म्हणाला, सिनेमावाल्यांनी एक पेटी नेली, दुसरी त्यांना सापडली नाही. बारावा ट्रक गावाच्या डोक्यात होताच. त्याच महिन्यात आमच्या वरच्या खडकावर, वेलींखाली, एक कासव सापडलं. तोंड डोंगराच्या पोटाकडे.

तातांग पुन्हा रोज दाढी करायला लागले. फौजेतले तीन सोबती जमा केले. तिघेही पासष्टीच्या पुढचे. एकाचा गुडघा गेलेला, एकाला ऐकू येत नाही. आमच्या पडवीत नकाशा पसरून चौघं कुजबुजायचे, मग बहिऱ्यासाठी तेच पुन्हा ओरडून सांगायचे. पंप लागणार, लाकूड लागणार, दगड फोडायचं यंत्र लागणार. सगळं कॅप्टन आणून देणार, पैसे आगाऊ. तातांगनी झऱ्याखालचं खाचर विकायला काढलं. कांद्याचा एक व्यापारी घ्यायला तयारच होता.

मी खडकावर गेले. शेवाळ बोटाने सारलं. घाव डावीकडून उतरत होते.

तेम्योंग त्याच्या छपरात छिन्नीला धार लावत बसला होता.

"मानोंग, आमच्या खडकावरचं कासव तुझं आहे."

"कॅप्टन म्हणाला, दगडाचं काम आहे. मी केलं."

"खडक कुणाचा ते ठाऊक होतं तुला."

"मला वाटलं, सार्हेंतो चार फूट खणतील आणि कंटाळतील. म्हाताऱ्यांना तेवढाच विरंगुळा."

"ते खाचर विकतायत."

त्याचा हात थांबला. हे त्याला खरंच माहीत नव्हतं, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

"शनिवारी पान मांडणार आहेत ना?" त्याने विचारलं.

"हो."

"तिथे सांगतो. पानावर हात धरून, सगळ्यांसमोर. तू घरी जा."

डोंगराला फावडं लावायच्या आधी आम्ही मेलेल्यांना जेवू घालतो. केळीच्या पानावर चिकट भात, उकडलेलं अंडं, तंबाखूची वळी, वाटीभर उसाची दारू. त्यांना नावाने बोलावतो. ते जेवत असताना पानावर हात धरून जे बोललं जातं, ते खरं. कोर्टात आमची माणसं पाहिजे तेवढं खोटं बोलतात. पानावर कुणी खोटं बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मी तातांगना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तेम्योंग दगडाचा माणूस आहे," ते म्हणाले. "पानावर हात धरून तो नवं म्हणाला, तर खाचर विकत नाही. माझा शब्द."

त्या दोन रात्री मी शांत झोपले.

शनिवारी सकाळी खडकापाशी चाळीसेक माणसं जमली. कॅप्टन बाजूला सिगारेट ओढत उभा होता. तातांगनी पान मांडलं. आधी आजोबांना बोलावलं, मग आजीला, मग माझ्या आईला. "फेलिसा, ये. अंडं आहे." आईचा दगड तेम्योंगनेच कोरला होता. त्यावरच्या ओळीत अकरा शब्द आहेत. त्याने एकही कमी करायला सांगितला नव्हता.

"तेम्योंग," तातांग म्हणाले, "माझी पोर म्हणते हे नवं आहे. तू सांग. जुनं की नवं?"

तेम्योंग गुडघ्यावर बसला. डावा हात पानावर धरला. कासवाकडे पाहिलं, मग मान वर करून माणसांकडे पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. घाई नव्हती.

"काय म्हणाला?" बहिऱ्याने विचारलं.

"अजून काही नाही."

"जुनं आहे, सार्हेंतो," तेम्योंग म्हणाला. "युद्धातलं."

"काय म्हणाला?"

"जुनं आहे म्हणाला," तिघाचौघांनी त्याच्या कानात सांगितलं, आणि मग सगळेच एकदम बोलायला लागले.

मी त्याच्या हाताकडे बघत होते. हात अजून भातावरच होता.

"वेंग, इकडे ये," तातांग म्हणाले. ते चिडलेले नव्हते. "या माणसाला तू खोटा म्हणालीस. तुझी आई बसली आहे इथे. माफी माग."

"तातांग, घाव बघा. डावीकडून—"

"माफी माग."

तेम्योंग पानाकडे बघत होता. मी थांबले. तो काहीतरी बोलेल म्हणून थांबले. मग माफी मागितली.

"राहू द्या, सार्हेंतो," तो म्हणाला. "शिकलेली पोर आहे. शंका यायचीच."

जेवण वाटताना तातांगनी अंडं त्याला दिलं. त्याने ते सोलून खाल्लं.

उतरताना मी त्याला ओढ्यापाशी गाठलं. का, एवढंच विचारलं.

"सांगणार होतो, आदिंग. तिथे बसेपर्यंत सांगणार होतो."

"मग?"

"सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. एक माणूस हलला नाही." तो वाहत्या पाण्यात हात धूत होता. "नवं म्हणालो असतो, तर माना खाली घालून घरी गेले असते."

त्याने हात शर्टाला पुसले.

"आणि खरं सांगू? काम इतकं जमलंय, की सिनेमाच्या त्या बाईंनासुद्धा ओळखू आलं नसतं."

हे सांगताना तो माझ्याकडे पाहत होता. मी कौतुक करीन असं त्याला वाटत असावं. आजवर मी नेहमी केलं होतं.

सोमवारी गावप्रमुखाच्या कचेरीत खाचराचा कागद झाला. व्यापारी, तातांग, कॅप्टन, आणि साक्षीदार म्हणून तेम्योंग. तातांगना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा ते घरी विसरले होते.

"वेंग वाचेल," ते व्यापाऱ्याला म्हणाले. "माझ्या घरात एवढं शिकलेली तीच."

त्या दिवशी त्यांनी फौजेतला बेल्ट बांधला होता. मी उभी राहून वाचलं. पूर्वेला ओढा, पश्चिमेला पायवाट, वर झरा, झऱ्याच्या पाण्यावरचा हक्क खरेदीदाराकडे. तेम्योंग माझ्या शेजारच्या बाकावर बसला होता. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली होती. कागद उलटायला मी थांबले, तेव्हा त्याने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. मी तो घेतला नाही.

"सगळं नीट आहे ना गं?" तातांगनी विचारलं.

"कागद नीट आहे, तातांग."

त्यांनी सही केली. मग पेन तेम्योंगकडे दिलं.