मास्तरांचं बोट

मास्तर बोलायला लागले की शिलाईचं मशीन थांबायचं. म्हणजे तेच थांबवायचे, पायडल सोडून, कारण बोलणं आणि शिवणं दोन्ही एकदम त्यांना जमत नसे, आणि दोन्हींपैकी सोडायचं कुठलं याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका नव्हती. दुकान हातभर. एका भिंतीला मशीन, समोर कापायचं टेबल, मध्ये एक उभा आरसा. गिऱ्हाईक येऊन आपलं माप सांगू लागलं की मास्तर गळ्यातली टेप काढत म्हणायचे, "माप सांगू नका, उभे राहा." माणूस सांगतो ते त्याला व्हावंसं वाटतं त्याचं माप असतं, असं त्यांचं मत. गिऱ्हाईक हसत हसत पोट आत ओढायचं, आणि मास्तर टेप धरून शांत उभे राहायचे. कधी ना कधी श्वास सोडावाच लागतो.

घरी बायकोला हाक मारायची तर "अगं, ऐकलंस का." ही हाक सकाळपासून चालू व्हायची. मुलांची आई हातातलं काम टाकून यायची, तर हे म्हणणार, "काही नाही, आहेस ना ते बघत होतो." मग तिनं चिडायचं, त्यांनी हसायचं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही दोघांना त्याचा कंटाळा आला नव्हता. धाकट्या मुलीला ते सुई म्हणायचे, एक तर ती लहानपणी किडकिडीत होती आणि दुसरं म्हणजे बोलणं टोचणारं. सुई मोठी झाली, दुसऱ्या शहरात वेबसाइट बनवणाऱ्या कचेरीत लागली, हाताखाली माणसं आली, तरी फोनवर पहिला शब्द "काय सुई, गंजलीस का?" हाच.

मग एका सकाळी मास्तर चहाचा कप उचलायला गेले आणि कप उचललाच गेला नाही. उजवी बाजू गेली, त्याबरोबर वाचा गेली. ऐकलेलं सगळं कळायचं, हसू यायचं, रागही यायचा, पण तोंडातून शब्द म्हणून काही निघेना. आई म्हणायची, देवानं बोलणं नेलं पण समज ठेवली. आणि ठेवलं त्याबद्दल ती रोज सकाळी न चुकता हात जोडायची, नेलं त्याबद्दल देवाला एका शब्दानं विचारायची नाही.

वाचा-उपचार करणाऱ्या बाई घरी यायच्या. चित्रांवर बोट ठेवून बोलायची सवय त्यांनीच सुचवली. सुईनं तेवढं ऐकलं आणि सुट्टीच्या दोन दिवसांत एक वेबपान तयार केलं. टॅबलेट उघडला की मोठी मोठी चित्रं. पाण्याच्या पेल्यावर बोट टेकवलं की "पाणी हवंय" असा आवाज. आवाज तिचाच, तिनंच सगळे शब्द बोलून भरले होते. नुसतं पाणी, औषध, दुखतंय एवढ्यावर तिचं भागलं नाही. आपला बाप आजारी आहे म्हणून बेचव कसा होईल, असं म्हणून तिनं त्यांची ठेवणीतली वाक्यंही घातली. टेपच्या चित्रामागे "माप सांगू नका, उभे राहा." आईच्या फोटोमागे "अगं, ऐकलंस का." आणि त्याच्या शेजारी, खुर्चीच्या चित्रामागे, "काही नाही, आहेस ना ते बघत होतो."

खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीला लावलेल्या दांडीवर टॅबलेट, आणि मास्तरांचा थरथरता डावा हात. इतकी वर्षं उजव्या हातानं कातर चालवलेला माणूस, डावा हात त्यांना परक्यासारखा वाटायचा. सुईला ते माहीत होतं. म्हणून तिनं पानाला शिकवलं होतं की बोट नुसतं टेकलं तरी ऐकायचं. ते उचललं जायची वाट बघायची नाही, थोडं सरकलं तरी कुरकुर करायची नाही.

बाईंना मात्र तेच पान त्यांच्या संगणकावर लागायचं, नवे शब्द घालायला. तिथं माऊस असतो, म्हणून तिथं तिनं चित्रं बारीक केली, एका वेळी पुष्कळ दिसावीत म्हणून दाटीनं मांडली आणि नेहमीसारखं दाबून सोडलं की बोलायचं असं ठेवलं. एकाच पानाला दोन चेहरे. कुठला दाखवायचा ते पान उघडताना ठरे. जावास्क्रिप्टच्या चार ओळी ब्राउझरला विचारत, तू कोण? त्यानं सांगितलेल्या नावात फोन किंवा टॅबलेट असेल तर मोठी चित्रं, नाहीतर संगणक समजून बारीक. असं सगळेच करतात, तिनंही केलं.

काही महिने छान गेले. आई फोनवर सांगायची, तुझ्या आवाजात दिवसभर मला हाका मारतात, तू इथंच आहेस असं वाटतं. मग हळूहळू ती हे सांगेनाशी झाली. सुईनं विचारलं तर म्हणाली, "रुसलेत माझ्यावर. टॅबलेटला हातच लावत नाहीत." कशावरून रुसले, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर दादाचा फोन आला. दादा सुईचा मोठा भाऊ, आई-बाबा त्याच्याकडेच. तो फार बोलणारा नाही. आपण स्वतः टॅबलेट दाबून बघितला, चांगला चालतोय, असं तो म्हणाला. आई दाबते तेव्हाही चालतो. फक्त बाबांनाच जमत नाही. बोट ठेवतात आणि नुसते बघत बसतात, मग हात मागे घेतात. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, समज अशी हळूहळू कमी होऊ शकते. उद्या बाई येऊन बघणार होत्या. त्यांनाही तसंच वाटलं तर ती चित्रं बंद करायची, उगाच त्यांचा छळ नको. दादानं हे सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "आईला अजून सांगितलेलं नाही."

मिळेल ती गाडी पकडून सुई त्याच दुपारी घरी पोचली.

मास्तर खिडकीपाशी बसले होते. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला, डाव्या हातानं त्यांनी तिचं मनगट चिमटीत धरलं, जाडी मोजल्यासारखं. तिला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. हा माणूस कमी झालाय असं तिला वाटेना. पण मुलींना तसं कधीच वाटत नाही, हेही तिला कळत होतं.

टॅबलेट समोर होता. तिनं पाण्यावर टिचकी मारली. "पाणी हवंय," तिचाच आवाज म्हणाला. दादा दारात उभा होता. त्याचा चेहराच म्हणत होता की, बघ, चालतंय.

मग ती उठली आणि बाबांच्या खुर्चीमागे जाऊन, त्यांच्या खांद्यावरून बघू लागली. "बाबा, मला काहीतरी सांगा ना," एवढंच म्हणाली. बराच वेळ ते हललेच नाहीत. नंतर हात उचलला. बोट आईच्या फोटोवर गेलं, टेकलं, थरथरलं. आणि त्या थरथरीबरोबर अख्खं पान वर सरकलं. फोटो बोटाखालून निघून गेला. आवाज नाही, काही नाही. मास्तरांनी थोडा वेळ त्या रिकाम्या जागेवर बोट तसंच धरून ठेवलं, मग हात मांडीवर आणून ठेवला. रुसलेला माणूस असा हात ठेवत नाही. हे दार आपल्यासाठी नाही असं कळलेला माणूस ठेवतो.

आता सुईनं चित्रं नीट बघितली. ती बारीक होती. दाटीनं मांडलेली. हा चेहरा तिनं बाबांसाठी केलाच नव्हता.

"आई, चित्रं लहान कधी झाली?"

आई हात पुसत बाहेर आली. झाली होती खरी, ती म्हणाली, पण तूच केलीस ना? एकदम पुष्कळ दिसतात, छान केलंयस असं मी दादालासुद्धा म्हटलं. तुला फोनवर सांगायचं राहूनच गेलं. मग थोडं आठवून म्हणाली, त्याच्या आदल्या दिवशी टॅबलेटवर एक चौकट आली होती, काही नवं घालू का म्हणून. "मी हो म्हटलं. इतकं अदबीनं विचारत होता, त्याला नाही कसं म्हणायचं?"

सुईनं आपला लॅपटॉप काढला आणि पानावर एक ओळ वाढवली, ब्राउझर आपलं जे नाव सांगतो ते पडद्यावर लिहून दाखवणारी. टॅबलेटवर पान पुन्हा उघडलं. लांबलचक नाव आलं. त्यात टॅबलेट हा शब्द कुठेच नव्हता. आईनं हो म्हटलं त्या दिवसापासून तो आपण संगणक आहोत असं सांगत होता. वेबसाइटवाले टॅबलेटला फोनसाठी काटछाट केलेली पानं दाखवतात, म्हणून टॅबलेट बनवणाऱ्यांनीच त्याला हे नवं नाव दिलेलं. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. बिचाऱ्या पानानं त्याच्यावर विश्वास ठेवला आणि माऊस असेल असं समजून चालू लागलं. इतरांच्या चटकन पडणाऱ्या टिचकीला ते माऊस समजून उत्तर द्यायचं. मास्तरांचं थांबणारं, थरथरणारं बोट मात्र त्याला पान सरकवणारं बोट वाटायचं.

दादा पलंगाच्या कडेवर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर. "म्हणजे इतके दिवस ते बोलत होते," तो म्हणाला.

"हो," सुई म्हणाली.

ती तिथंच जमिनीवर मांडी घालून कामाला लागली. ओळखायच्या नावांत हे नवं नाव जोडून तूर्त भागलं असतं, पण उद्या टॅबलेट तिसरंच काही म्हणाला तर? तिनं नाव विचारणाऱ्या चारही ओळी पुसल्या. "माप सांगू नका, उभे राहा," ती स्वतःशीच पुटपुटली, आणि खुर्चीतून घशातल्या घशात एक हसण्यासारखा आवाज आला. आता पान वेगळं विचारणार होतं. एका वेळी किती बोटं तुला कळतात? साधा संगणक म्हणतो, एकही नाही. टॅबलेटनं निमूटपणे सांगितलं, पाच. तरीही तेवढ्यावर विसंबायला नको म्हणून तिनं आणखी एक व्यवस्था केली. पहिला स्पर्श होईल तो बोटाचा की माऊसचा, हे पान स्वतः बघेल, आणि बोट असेल तर कुणी काही म्हणो, मोठी चित्रं पुढे आणेल. आणि मोठ्या चित्रांवर पान सरकणार नाही. टेकलं की ऐकायचं.

चित्रं मोठी झाली. पाण्याचा पेला पुन्हा तळहाताएवढा झाला. पण मास्तर हात उचलेनात. त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि खिडकीबाहेर मान वळवली. इतके दिवस रोज हाक मारून कुणी ओ दिली नाही तर माणूस गप्प होणारच.

सुईनं त्यांना करून दाखवलं नाही. सगळ्यांनी आजवर तेच केलं होतं. ती त्यांच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "बाबा, चूक माझ्या पानाची होती. तुमचं बोट बरोबर पडत होतं. पहिल्या दिवसापासून." मग आपल्या ओढणीचा निघालेला धागा शोधून तो खेचत बसली. असा धागा ओढलेला मास्तरांना कधी बघवला नव्हता.

आई स्वयंपाकघरात भांडी लावत होती. दादा अजून पलंगाच्या कडेवरच होता. बाहेर कुणीतरी सायकल लावल्याचा आवाज आला.

"अगं, ऐकलंस का," खोलीतून सुईचा आवाज गेला.

"सुई, माझी चेष्टा करू नकोस गं," आई आतून म्हणाली. तिचा आवाज दुखावलेला होता.

"मी नाही, आई," सुई म्हणाली.

आतली भांडी थांबली. खोलीत पुन्हा तोच आवाज आला, "अगं, ऐकलंस का," आणि मग लगेच आणखी एकदा, कारण बोट थरथरत तिथंच टेकलेलं होतं. आई दारात आली ती ओल्या हातांनीच. तिनं आधी सुईकडे बघितलं, मग टॅबलेटकडे, मग त्यांच्याकडे.

"काय हो? काय हवंय?"

मास्तरांनी हात उचलला. फार वेळ लागला. फोटोवरून शेजारच्या खुर्चीच्या चित्रापर्यंत चार बोटांचं अंतर, पण कुणी त्यांना मदत केली नाही. बोट टेकलं.

"काही नाही, आहेस ना ते बघत होतो."

दादा उठून बाहेर गेला. उद्या येताना नवे शब्द घेऊन या, असं तो बाईंना फोनवर सांगत होता.

"मला दुसरी कामं नाहीत का," आई म्हणाली. मग तिनं पदराला हात पुसले, स्टूल ओढलं आणि भांडी तशीच ठेवून त्यांच्या डाव्या बाजूला बसली.