तिसऱ्या ओळीतलं भोक

एस्तेरबाई गायसमुद्रेंनी अक्कलकोट रोडच्या कारखान्यात तीस वर्षं टॉवेल तपासले. टॉवेल हातात आला की त्या आधी उलटा करून बघत, आणि माणसांशीही त्यांची तीच रीत. निवृत्तीनंतर त्या चर्चच्या पाळकांकडून हट्टानं हिब्रू शिकल्या. जुन्या कराराची प्राचीन हस्तलिखितं वाचायला आता कॉम्प्युटर हवा होता. सात रस्त्यावरच्या दुकानात त्यांनी लॅपटॉपही आधी उलटा करून पाहिला.

“यातलं हस्तलिखितं वाचायचं सॉफ्टवेअर एकदम पूर्ण आहे, मावशी,” विक्रेता गोड हसला. बाईंना तिथंच संशय आला. त्यांनी पिशवीतून एका चर्मपत्राचा छापील फोटो काढला. तिसऱ्या ओळीत किड्यानं खाल्लेलं भोक होतं. विक्रेत्यानं तेच हस्तलिखित उघडून दाखवलं, तर पडद्यावर तीच ओळ सलग, गुळगुळीत.

“हितली अक्षरं कुटनं आणली?”

“कंपनीनं भरली असतील.”

“न सांगता?”

त्यानं नाइलाजानं दुसरं सॉफ्टवेअर उघडलं. “हे साधं आहे. यात मधेमधे जागा रिकाम्या आहेत.”

बाईंनी फोटो पडद्याशेजारी धरला. तिसऱ्या ओळीत नेमकी तेवढीच जागा मोकळी होती.

“हेच टाका,” त्या म्हणाल्या. “भोक पडलेला टॉवेल मी नुसता बाजूला काढायची. पण गुपचूप रफू केलेला सापडला, तर सगळा गठ्ठा परत धाडायची.”