चौदा लॉट, साठ कारणं

पलसाण्याच्या आमच्या मिलमधले डाईंग मास्टर नथूआप्पा रंगाबद्दल घाईने कधी बोलत नसत. कपडा मशीनमधून निघाला की दाराशी नेऊन उजेडात उलटसुलट पाहत. शेठ ओरडले तरी म्हणत, "सुखने दो, सेठ. गीला कपडा झूठ बोलता है."

मी संख्याशास्त्र शिकून तिथे नवीनच लागले होते. तेव्हा निळ्या रंगाचे कपडे डागाळत होते. मी चौदा लॉटची माहिती जमवली. तापमान, मीठ, पाणी, पाळी, कारागीर, अशा साठ गोष्टी प्रत्येक लॉटपुढे मांडल्या. संगणकाने त्यातून सूत्र निवडलं. चौदाही लॉटचे डाग त्यात अचूक बसले, आणि सगळ्यांत मोठं कारण निघालं मशीनवरचा कारागीर सुभाष.

शेठ गुजरातीत म्हणाले, "कालथी एने ना पाडी दो."

सुभाष नवागामचा, आमच्याच गल्लीतला. म्हणजे उद्यापासून त्याचं काम जाणार होतं. मला वाईट वाटलं, पण आकड्यांवर माझा विश्वास होता.

आप्पांनी माझा कागद मागून घेतला. "माय, लॉट कितला?"

"चौदा."

"नि कारणं?"

"साठ."

"मंग जे कारण उचलशी ते खरंच वाटी. एक लॉट झाक, नि पुन्हा निवड."

मी चिडूनच तसं केलं. एक लॉट वगळला; सुभाष गेला, मीठ आलं. दुसरा वगळला; मीठ गेलं, तापमान आलं. उरलेल्या लॉटवर सूत्र दरवेळी अचूक, झाकलेल्या लॉटवर मात्र चुकायचं. बोअरचं पाणी तेवढं जवळपास प्रत्येक वेळी निवडलेल्या कारणांत टिकलं.

"आजून हाऊ संशयच शे," आप्पा म्हणाले. संशयाची खात्री करायला त्यांनी शेठकडून चार दिवस मागून घेतले. निम्मे लॉट बोअरच्या पाण्यात, निम्मे क्षार काढून मऊ केलेल्या पाण्यात; मशीनवर दोन्ही वेळा सुभाषच. बोअरचे डागाळले, दुसरे स्वच्छ निघाले.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. आप्पा म्हणाले, "आते त्याले तूच सांग."

सुभाषने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "त्या साठांत माझं नाव कोणी घातलं होतं?"

"मी."

तो मशीनकडे वळला. पुढे कित्येक महिने तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. आप्पांनी कधी मध्यस्थी केली नाही.

गेल्या वर्षी आप्पा वारले. मी त्यांच्या घरी भेटायला गेले तेव्हा खोली माणसांनी भरली होती. दाराशी घोटाळत उभी राहिले. सुभाष सतरंजीवर थोडा सरकला आणि त्याने मला बसायला जागा करून दिली.