मऊ लावलेली गाडी

जुसिपीने जन्मात कधी कुणाला वजन विचारलं नाही. विचारून खरं सांगतंय कोण? बायका दहा किलो खाली सांगणार, आणि ज्यांना आपण थोर शिकारी वाटतो ते पुरुष दहा किलो वर. म्हणून तो माणसालाच गाडीवर बसवायचा.

दूर उत्तरेच्या आमच्या बर्फाळ गावात खाडीकाठी जहाजातून उतरवलेला एक जुना कंटेनर होता, तेच त्याचं गाड्या दुरुस्त करायचं दुकान. कुणी बर्फावर पळणारी मोटारगाडी घेऊन आलं की आधी तो गाडीची मागची बाजू हाताने वर उचलायचा आणि जमिनीपासूनची उंची काठीवर खडूने मांडायचा. मग म्हणायचा, "बस." माणूस बसला की गाडी जेवढी खाली दबली तिथे दुसरी खूण. या दोन खुणांच्या मधे फुशारकीला जागा नसते.

चर्चमध्ये बाजा वाजवणारी लुसी एकदा बसली तर दुसरी खूण बरीच खाली गेली.

"तुझी काठी खोटं बोलते," ती म्हणाली.

"काठीला तोंड नाही, लुसीकाकू."

"तुलाही नसतं तर बरं झालं असतं, मेल्या!"

मग दुसरा प्रश्न: "चालवतोस कशी? बसून, उभ्याने, की एक गुडघा टेकून?" बसून चालवणाऱ्याचं सगळं वजन मागे पडतं. लांबवर हरणं शोधत गुडघ्यावर चालवणारा पुढे झुकतो. मागे लाकडी घसरगाडी लावून मासे, सरपण, पोरंबाळं ओढणाऱ्याची गाडी कडक लागते, नाहीतर मागून बसते आणि पुढच्या पट्ट्या वळायचं नाव घेत नाहीत. हे सगळं ऐकून जुसिपी स्प्रिंगचं टोक एका खाचेतून, म्हणजे घरातून, दुसऱ्या घरात सरकवायचा. अशी चार घरं. पहिलं सगळ्यात मऊ, चौथं सगळ्यात कडक.

चौथ्या घरात गावात एकच गाडी होती, पुटुलिकची.

पुटुलिक म्हणजे जुसिपीच्या थोरल्या बहिणीचा, सियासीचा नवरा. माणूस कसला, दाराएवढा! घरात शिरला की त्याच्यामागे चूल दिसेनाशी व्हायची. पोरं नव्हती दोघांना, पण अर्ध्या गावाची पोरं त्याच्या अंगाखांद्यावर वाढली. जुसिपी त्याच्यासमोर चिमणीएवढा.

नोव्हेंबरात खाडी गोठली आणि पहिल्याच आठवड्यात पुटुलिक दुकानात आला.

"मेव्हण्या, ही गाडी माझ्यावर रुसलीय. लाथा मारते. खड्डा आला की सणका थेट पोटात."

"दाजी, तुम्ही तिच्यावर रोज बसता, ती एकदा तुमच्यावर बसली तर काय झालं?"

पुटुलिक हसला. जुसिपीने काठी लावली. गाडी गेल्या वर्षापेक्षा दोन बोटं कमी दबली. त्याने पुन्हा मोजलं. तेवढीच. स्प्रिंग काही वर्षभरात कडक होत नाही, झाली तर सैलच होते. मग कमी काय झालं, ते त्याला कळलं.

"बारीक झालात की काय?"

"तुझी बहीण हल्ली मासे उकडत नाही, नुसते दाखवते."

दोघं हसले. जुसिपीने टोक तिसऱ्या घरात सरकवलं. दुसऱ्या दिवशी पुटुलिक हात हलवत दुकानावरून गेला आणि ओरडला, "रुसवा गेला!"

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही बोलला? आमच्याकडे आजाराचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो आपल्यालाच हाक मारली असं समजून घरात येतो, असं जुनी माणसं म्हणायची. आणि खरं सांगायचं तर जुसिपीला आपल्या हाताचा अभिमानही होता. गाडी बिघडली म्हणून माणूस आला आणि हसत गेला, यापलीकडे त्याला काही नको असायचं.

जानेवारीत पुटुलिक परत आला. तीच तक्रार, तोच पोटातला सणका. काठीवरची खूण आणखी तीन बोटं वर. जुसिपीने दाजींच्या तोंडाकडे पाहिलं नाही, काठीकडेच पाहत राहिला. टोक दुसऱ्या घरात गेलं. फेब्रुवारी संपता संपता तिसऱ्यांदा. पहिलं घरही पुरेना, तेव्हा त्याने शाळेतल्या बारक्या मास्तरणीच्या मोडलेल्या गाडीच्या हलक्या स्प्रिंगा काढून दाजींच्या गाडीला बसवल्या. दाराएवढ्या माणसाला मास्तरणीच्या स्प्रिंगा!

"आहाहा," पुटुलिक म्हणाला, "सीलच्या चरबीवर बसल्यासारखं वाटतंय! आता मला काही होत नाही बघ."

गावभर तो हेच सांगत फिरला. मार्चच्या शेवटी तळ्यावर मासे धरताना तिथेच बर्फावर आडवा झाला. विमानाने दक्षिणेला, शहरातल्या इस्पितळात नेला, सियासीही बरोबर गेली. मे महिन्याच्या सुरुवातीला दोघं परत आले. पुटुलिकला स्ट्रेचरवरून उतरवताना दोन माणसं लागली, आणि दोघांनाही जड गेला नाही.

चौथ्या दिवशी सियासी दुकानात आली. चहाचा कप हातात धरून बसली, प्यायली नाही.

"काय म्हणाले?" जुसिपीने विचारलं.

"पोटात गाठ. हिवाळ्याच्या तोंडाशी आला असता तर कापून काढली असती म्हणाले. आता सगळीकडे पसरलीय." ती थांबली. "डॉक्टरीण सारखी विचारत होती, एवढे महिने दुखलं कसं नाही? तर हा म्हणतो, दुखायचं, गाडीवर बसलं की दुखायचं, पण माझा मेव्हणा गाडी अशी लावून द्यायचा की दुखणं थांबायचं. तिला तुझं कौतुक सांगत होता, जुसिपी. पडल्या पडल्या हाताने स्प्रिंग दाखवत होता. तिला एक अक्षर कळलं नाही."

जुसिपीच्या हातातला पाना खाली पडला. त्याने तो उचलला नाही.

"आक्का, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"नोव्हेंबरात दोन बोटं, जानेवारीत तीन, फेब्रुवारीत किती ते मोजलंच नाही. गाडी बिघडली नव्हती. तेच हलके होत चालले होते. गाडी ओरडून सांगत होती आणि मी तिचं तोंड बंद केलं. तीन वेळा."

बाहेर कुत्री भुंकत होती. सियासीने चहाचा कप खाली ठेवला, फार हळू, फुटेल की काय अशा बेताने.

"मला नाही सांगितलंस?"

"नाही."

"मी रोज त्याच्या शेजारी झोपत होते. मला वाटायचं, म्हातारपण. तुझ्याकडे काठी होती."

ती रडली असती, ओरडली असती, तो पाना उचलून जुसिपीच्या डोक्यात घातला असता, तर त्याला बरं वाटलं असतं. पण आमची सियासी लहानपणापासून अशीच. राग आला की तिचा आवाज खाली जातो.

"हे त्याला सांगायचं नाही," ती म्हणाली. "येतोस ना रोज बघायला? तो तुझं कौतुक करील. निमूट ऐकून घ्यायचं. तुझं कौतुक सोडलं तर त्याच्याकडे आता बोलायला फारसं काही उरलेलं नाही."

"बरं."

"आणि गाडी मला लावून दे. त्याला तळ्यावर जायचंय. बर्फातल्या भोकातून निघालेला मासा, तिथेच, कच्चा खायचाय म्हणतो. घास गिळत नाही, पण जायचंय."

जुसिपी उठला. मास्तरणीच्या स्प्रिंगा काढल्या, जुन्या बसवल्या. मागची बाजू उचलून खूण केली. सियासी गाडीवर बसली. तीस वर्षं ती मागच्या घसरगाडीत बसून गेली होती; मूठ कशी धरायची तेही तिला दाखवावं लागलं.

"चालवशील कशी, आक्का? बसून की..."

"मला काय ठाऊक? जशी चालेल तशी."

त्याने तिसरं घर धरलं. मग घसरगाडीचं ओझं लक्षात आलं तसं चौथं.

"आता त्याला खड्डा लागणार नाही ना?" सियासीने विचारलं.

पुटुलिकला गाडीवर बसता येणार नव्हतं, पाठ धरत नव्हती. तो मागे घसरगाडीत झोपून जाणार होता. आणि घसरगाडीला स्प्रिंग नसते. दोन फळ्या आणि दोर, बस्स. बर्फाचा एकेक उंचवटा थेट हाडाला भिडतो. खाली हरणाची कातडी घाला, गादी घाला, काय हवं ते घाला. साऱ्या गावाची हाडं सांभाळणाऱ्या माणसाकडे यावर काही इलाज नव्हता.

"लागेल, आक्का."

"मग काय करणार आहेस?"

त्याने कोपऱ्यातली पहार आणि फावडं घेतलं आणि तो खाडीवर गेला. किनाऱ्यालगत भरती-ओहोटीने बर्फ उचलून आपटून ठेवलेला असतो, माणसाच्या छातीएवढे लाद्यांचे ढीग. तळ्याची वाट त्यातूनच जाते. जुसिपी पहारीने लाद्या फोडायला लागला, तुकडे बाजूला करून फावड्याने वाट सपाट करायला लागला. दुपारपर्यंत घसरगाडीच्या रुंदीची, तीस पावलांची वाट त्याने अशी केली की वरून चहाचा भरला कप नेला असता तरी सांडला नसता.

मग भरती आली. आमच्याकडची भरती चार घरं एकावर एक ठेवावीत एवढी चढते. सगळा बर्फ कण्हत वर उठला, वाटेच्या मधोमध तडा गेला आणि दोन्ही कडा एकमेकींवर चढल्या. जुसिपी मागे सरून पाहत राहिला. सहा तासांनी पाणी उतरेल, बर्फ परत आपटेल.

लुसी किनाऱ्यावरून ओरडली, "अरे, वेड लागलं का तुला? उद्या परत तसंच होणार!"

"ठाऊक आहे, काकू," तो म्हणाला, आणि पाणी उतरायची वाट बघत पहारीवर हात टेकून उभा राहिला.