खंडेनवमीला लावलेला पाना

मी पत्ते विसरतो, माणसं विसरतो, घरातल्या लग्नांच्या तारखा तर हमखास विसरतो. पण मीटिंगमध्ये माझ्याकडं न बघता माझ्या दिशेनं केलेला आमच्या मेंटेनन्सच्या साहेबांचा हात मला आजही जसाच्या तसा आठवतो. "यानं फिल्टर उलटा बसवला," एवढंच ते म्हणाले आणि पुढच्या विषयाकडं वळले.

तेव्हा मी चितेगावच्या एका कारखान्यात फिटर होतो. दुचाकीचे पत्र्याचे भाग रंगवायचं काम तिथं चालायचं. रंगाच्या बंदुकीला दाबाची हवा लागते आणि कॉम्प्रेसरमधून निघालेली हवा सोबत तेलाचा बारीक धूर घेऊन येते. तो अडवायला मध्ये फिल्टर असतो: एक जाड भांडं, त्याच्या आत तेल धरून ठेवणारी नळी. तिला आम्ही एलिमेंट म्हणतो. डोक्यावर काटा असतो, एलिमेंट तुंबत गेलं की तो हिरव्यातून लालकडं सरकतो. असे तीन फिल्टर माझ्या ताब्यात होते आणि देवघरातली भांडी घासावीत तसे मी ते घासायचो.

एकदा तिन्हीचे काटे लालवर गेले, हवेचा दाब पडला, रंगाचं काम रखडलं. नवीन एलिमेंट यायला पंधरा दिवस लागणार होते. मेंटेनन्सच्या साहेबांनी मला जुनी एलिमेंट काढून रिकामी भांडीच परत बसवायला लावली. तेल पुढं जाईल, असं मी दोनदा सांगितलं. त्यांनी मला माझं काम करायला सांगितलं. दाब झटक्यात चढला, काटे शून्याला चिकटले, साहेबांची पाठ थोपटली गेली. आठवड्याभरात रंगावर टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसू लागले आणि पाठवलेला सगळा माल परत आला. मग ती मीटिंग झाली. हवा कुठून कुठं जाते त्याचा बाण फिल्टरच्या डोक्यावर ठसठशीत कोरलेला असतो. खाली उतरून कुणीही तो बघितला असता, तर फिल्टर सरळच बसलाय हे कळलं असतं. कुणी खुर्चीवरून उठलं नाही.

त्याच महिन्यात मी कायम होणार होतो. त्याऐवजी मला गेटवर ओळखपत्र जमा करायला लावलं. पैठण रस्त्यावरच्या चहाच्या टपऱ्यांवर माझं नाव 'उलटा फिटर' पडलं. दौलताबादेजवळच्या आमच्या गावातसुद्धा ते पोचलं. भावकीतले लोक हसत हसत विचारायचे, पायजमा तरी सरळ घातलास ना. वडील मान खाली घालून पेरूच्या बागेत निघून जायचे. त्या साहेबाचं वाटोळं व्हावं, असं मी रोज मनात म्हणायचो. मला त्याची लाज तेव्हाही वाटली नाही.

पुढं औरंगपुऱ्यातल्या एका फिल्टर विक्रेत्यानं मला कामावर घेतलं. फिल्टर बसवायचे, वर्षाला तपासायचे, सही-शिक्क्याचा दाखला द्यायचा. नऊ वर्षं गेली, केस गेले, चष्मा लागला. एका दसऱ्याच्या तोंडावर मालकांनी मला चितेगावलाच, दाबाच्या हवेनं फुगवून औषधाच्या बाटल्या करणाऱ्या कारखान्यात जायला सांगितलं. ग्राहक कंपनीच्या तपासनीस बाई येणार होत्या, त्यांच्यासमोर आमचा माणूस हवा होता. दिवस होता खंडेनवमीचा.

गेटवर स्वागताला तेच साहेब उभे होते. आता ते या कारखान्याचे मॅनेजर झाले होते. मला म्हणाले, या भाऊ, आधी पेढा घ्या. त्यांनी मला ओळखलं नाही.

आमच्याकडं खंडेनवमीला यंत्राची पूजा झाली की त्या दिवशी त्याला पाना लावत नाहीत. यंत्र चालू ठेवतील, पण खोलाखोली उद्यावर. साहेबांनी तपासणीला नेमका हाच दिवस का निवडला, ते मला कॉम्प्रेसरच्या खोलीत पाय ठेवताच कळलं. फिल्टरला झेंडूचा हार, हळदकुंकू, समोर नारळ फोडलेला. बाईंनी आतलं एलिमेंट बघायला मागितलं तेव्हा साहेबांनी कान पकडून पूजेचं सांगितलं आणि काट्याकडं बोट केलं. काटा हिरव्यात होता. बाई मान डोलावून लिहायला लागल्या.

मी काट्याकडं बघत राहिलो. कॉम्प्रेसर पूर्ण भरात चालू होता आणि काटा शून्याला चिकटून होता. कोरं एलिमेंट असलं तरी एवढ्या हवेत काटा थोडा तरी हलतो. अजिबात हलत नाही तो फक्त भांडं रिकामं असल्यावर. हे मला नऊ वर्षांपूर्वी या माणसानंच शिकवलं होतं.

मी चपला काढल्या, फिल्टरला नमस्कार केला आणि हार उतरवून बाजूला ठेवला. साहेब हसत म्हणाले की आज नको. मी हवेला बाजूनं वाट देणारा बायपास उघडला, फिल्टरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले, आतली हवा सोडली. तिथल्या फिटरनं, चाळिशीच्या माणसानं, माझ्या हातात पाना दिला. भांडं खाली आलं. आत बोटभर काळपट तेल होतं, दुसरं काहीच नव्हतं.

मग साहेबांचा हात उठला, त्या फिटरच्या दिशेनं. "हा बसवायचं विसरला असेल."

फिटर खाली बघत म्हणाला, "इसरलो नाय. तुम्हीच काढाय लावलं."

मला इतका आनंद झाला की पाना हातातून निसटला. बाईंनी अहवाल माझ्याकडून जागेवरच लिहून घेतला. मी एकेक अक्षर वळण देऊन लिहिलं.

चार दिवसांनी साहेब औरंगपुऱ्यात आमच्या दुकानात आले. नोकरी टांगणीला लागली होती. एलिमेंट धुवायला काढलं होतं, एवढं एक वाक्य मी दुरुस्ती म्हणून अहवालात घालावं, अशी विनवणी ते करत होते. माझ्या हातात आता सगळं होतं. मी ओळख दिली. कारखाना सांगितला, ती मीटिंग सांगितली आणि कोरा कागद पुढं सरकवला. मी फिल्टर उलटा बसवला नव्हता, खोटं तुम्ही बोललात, हे लिहून द्या म्हणालो.

मला वाटलं होतं ते चिडतील, नाकारतील, निदान चेहरा पडेल. त्यांनी झटकन पेन काढलं आणि भराभर लिहायला लागले. दुसऱ्या ओळीवर थांबले आणि वर बघून अगदी सहज विचारलं, "नाव काय लिहू?"

नऊ वर्षं मी या माणसाला रोज शिव्या दिल्या होत्या. मी नाव सांगितलं. त्यांना नीट ऐकू आलं नाही, म्हणून परत सांगितलं. त्यांनी खाली सही केली. मी कागद घडी करून खिशात घातला आणि त्यांना सांगितलं की अहवालातली एक मात्रासुद्धा बदलणार नाही.