दोरीवर वाळणारी पानं

नवसारीत आमच्या मोहल्ल्यात हिल्ला दोर्डी राहायची. जुन्या पुस्तकांची फाटलेली पानं सांधणं हा तिचा उद्योग. तांदळाची पातळ खळ, झिरझिरीत कागद आणि एक मऊ कुंचला घेऊन ती खिडकीशी बसे. फाटलं असेल तेवढंच वाचायची. कुणाचं तरी अर्धं भांडण, दारात येऊन थांबलेला पाहुणा. त्यामुळे चेहऱ्यावर कायम अर्धवट झोपेतून उठल्यासारखा भाव. बाजारात मासळीचा भाव विचारायची आणि उत्तर न ऐकताच पुढे जायची.

एका वर्षी पूर्णा नदीचं पाणी वाचनालयात शिरलं. पूर ओसरला तेव्हा खालच्या फळ्यांवरची पुस्तकं चिखल पिऊन फुगली होती. कारभारी सोराबजी नाकाला रुमाल लावून म्हणाले, "फेकून द्या. रद्दीवालासुद्धा घ्यायचा नाही."

"मग मला द्या," हिल्ला म्हणाली.

"या लगद्याचं काय करणार तू?"

"पापड घालीन. तुम्हाला काय करायचंय?"

तिने एकेक पान सोडवलं, स्वच्छ पाण्यात धुतलं आणि ओट्यापासून मागच्या विहिरीपर्यंत दोऱ्या बांधून टांगलं. तिचं घर लांबलचक, एकापाठोपाठ एक खोल्या. वारा आला की सगळं घर हलकेच श्वास घेतल्यासारखं व्हायचं. आम्ही बायका पानांखालून वाकून जायचो. ओलसर कागद गालाला लागायचा, एखादी ओळ डोळ्यांत शिरायची आणि पाऊल तिथेच थांबायचं. हातातला पुदिन्याचा चहा निवून जायचा. बाहेर दुपार आहे की संध्याकाळ, कळायचंच नाही.

अडचण एका जाड कादंबरीची झाली. पानांचे कोपरे आकड्यांसकट कुजले होते. कोणत्या पानामागे कोणतं, काही पत्ता लागेना. गोष्ट एका कप्तानाची आणि त्याची वाट पाहणाऱ्या गुलेस्तान नावाच्या मुलीची. समोरच्या घरातले तेहमुलकाका आंधळे होते. त्यांची बायको आयमाय जिवंत असताना रोज दुपारी त्यांना हेच पुस्तक वाचून दाखवायची. हिल्ला वाळलेली पानं घेऊन त्यांच्याकडे गेली.

"काका, 'गुलेस्तान गच्चीवर गेली आणि...' पुढे काय?"

"'आणि तिला शीड दिसलं.' ते पान शोध की, माझं तोंड काय बघतेस!"

असं करत पुस्तक जुळत गेलं. काका डोळे मिटून बोलायचे, हिल्ला गठ्ठ्यातून पान काढायची. शेवटाजवळ आल्यावर काका म्हणाले, "आता कप्तान बोटीतून उतरतो. खांद्यावर खजुराचं पोतं. पोरगी धावत सुटते."

हिल्लाने उरलेली पानं चाळली. खजूर कुठेच नव्हता. छापलेलं होतं ते असं, की बोट बुडाली आणि कप्तानाचं प्रेत वाळूत सापडलं. आयमायने काकांना वेगळाच शेवट वाचून दाखवला होता, हे तिच्या ध्यानात आलं.

"गप्प का झालीस?"

"पान ओलं आहे अजून."

काका हसले. "बोट बुडाली ना?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"छापलेलं वाचताना आयमाय भरभर वाचायची. मनचं घालायला लागली की अडखळायची, पान उलटल्याचा आवाजही यायचा नाही. आमचा पोरगा फली गेल्यापासून पुस्तकातसुद्धा कुणी मेलेलं तिला खपायचं नाही."

"मग बोलला नाहीत कधी?"

"कशाला? ती सांगायची तेव्हा मला खजुराचा वास यायचा." मग म्हणाले, "वाच आता. छापलंय तसं."

हिल्लाने वाचलं. काका पानाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "बरं लिहिलंय हो." मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. हिल्ला उठली नाही, जवळच बसली.

पुस्तक तिने छापलं होतं तसंच बांधलं आणि बाकीच्या पुस्तकांबरोबर वाचनालयात पोचवलं. सोराबजींनी हुंगून पाहिलं, नाक मुरडलं, पण फळीवर ठेवलं.

काका असेपर्यंत हिल्ला रोज दुपारी त्यांना काहीतरी वाचून दाखवायला जायची. वाईट प्रसंग आला की विचारायची, "काका, छापलेलं की आयमायचं?"

कधी ते म्हणायचे छापलेलं, कधी आयमायचं. आयमायचं सांगताना हिल्ला इतक्या घाईने सगळ्यांना वाचवायची की काका ओरडायचे, "अगं, जरा दम धर, बुडू तरी दे त्याला थोडंसं!"