डोक्यावरचा पावडरचा डबा

सलूनवाल्या काकांचा सगळा धंदा एका वाक्यावर उभा होता : "डोकं हलवू नका." रडणारं पोर असो, पेंगणारे आजोबा असोत, नाहीतर खुर्चीत बसून फोनवर भांडणारा कंत्राटदार असो, काका दोन बोटं कानशिलाला लावायचे, डोकं हवं तिथे आणायचे आणि हे वाक्य म्हणायचे. भलेभले गप्प बसायचे.

आता अशा माणसाला गोल्फ शिकवायला जावं का कुणी? पण त्यांचं जुनं गिऱ्हाईक असलेले दातांचे डॉक्टर त्यांना गावाबाहेरच्या मैदानावर घेऊन गेले, हातात काठी दिली आणि म्हणाले, "बाकी सगळं नंतर. आधी एकच, मारताना डोकं हलू द्यायचं नाही." झालं! काकांना वाटलं, हा खेळ आपल्यासाठीच काढलाय. चेंडू उडाला की खांद्यांबरोबर डोकंही वळू द्यायचं, असंही डॉक्टर पुढे सांगत होते. पण ते ऐकतोय कोण? काकांचे कान पहिल्या वाक्यालाच बंद झाले होते.

काकांनी काकूंनाही सोबत न्यायला सुरुवात केली. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती, घरात दोघंच. आठवडाभर काका सलूनमध्ये, काकू लाँड्रीत इस्त्री करायला. रात्री जेवताना बोलणं काय, तर "मीठ दे" आणि "दिवा घालवा". रविवारी मात्र काका सलून उशिरा उघडायचे; ते सकाळचं मैदान तेवढं दोघांचं होतं. तिथे काकू बोलायच्या, हसायच्या, काकांची टिंगल करायच्या, आणि काकांना मनातून ते फार आवडायचं.

पण गंमत अशी, की काका खांबासारखे उभे राहून मारायचे, आणि चेंडू चार पावलं घरंगळून गवतात रुसून बसायचा. काकू मात्र इस्त्री फिरवल्यासारख्या कमरेतून, खांद्यातून अशा सैल वळायच्या, की चेंडू लांबवर जाऊन पडायचा. डोकंही मग वळायचंच. ते काकांना बघवेना.

"अगं, डोकं हललं!"

"हलू दे की. चेंडू गेला ना?"

"गेला, पण चुकीचा गेला," काका म्हणायचे. आता लांब गेलेला चेंडू चुकीचा कसा, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

एका रविवारी तर त्यांनी कहरच केला. काकूंच्या समोर उभं राहून आपल्या काठीची मूठ त्यांच्या टोपीला टेकवली आणि अगदी सलूनमधल्या आवाजात म्हणाले, "डोकं हलवू नका." बायकोला चक्क 'नका'! काकूंनी मारलं ते नुसतं गवत. दुसऱ्यांदा मारलं तर चेंडू झुडपात, आणि मानेत अशी कळ आली की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. त्यांनी काठी खाली ठेवली.

"अहो, मी इथे गिऱ्हाईक म्हणून येते का? पुढच्या रविवारी तुमचे तुम्ही जा."

काकांना वाटलं, रागाच्या भरात बोलली, येईल. पण काकू आल्या नाहीत. काका एकटेच गेले, झुडपात काकूंचा तो हरवलेला चेंडू शोधत बसले आणि लवकर घरी परतले. टिंगल करायला कुणी नसेल तर खेळ कसला, हमालीच ती. आता हाही वार गेला आपल्या हातातून, असं त्यांना वाटलं. पण "चुकलो" म्हणायला जीभ वळेल तर शपथ!

सोमवारी सलूनला सुट्टी, तेव्हा लाँड्रीतून सुटल्यावर काकू केस कापून घ्यायला आल्या. त्यांचे मानेपर्यंतचे केस काकाच कापायचे. त्या खुर्चीत बसल्या, काकांनी अंगावर कापड पांघरलं, आणि सवयीने दोन बोटं कानशिलाला लावली.

"नाही हलवत," काकू म्हणाल्या. "पण आज तुम्हीही हलवायचं नाही." त्यांनी समोरचा पावडरचा डबा उचलून मागे धरला. "हा ठेवा डोक्यावर, आणि कापा."

"हा काय पोरखेळ?"

"का? कामात डोकं स्थिर लागतं ना?"

काका इरेला पेटले. डबा डोक्यावर ठेवला आणि कात्री उचलली. पहिल्याच कापाला ते नेहमीसारखे बाजूला झुकले, आणि डबा धाडकन खाली. सगळीकडे पांढरंफेक! डबा पुन्हा ठेवला. या वेळी मान ताठ, खांदे आखडलेले, कोपरं बरगड्यांना चिकटलेली. कचकन आवाज आला. उजव्या कानावरची अख्खी बट जमिनीवर.

काकांचं धाबंच दणाणलं. आरशात पाहिलं, तर बायकोचे केस एका बाजूला कानाच्या वर, दुसऱ्या बाजूला मानेपर्यंत. आणि तिच्या मागे डोक्यावर डबा तोलणारा, पावडरने माखलेला एक म्हातारा गडी. जन्मभर त्यांनी आरशात दुसऱ्यांचीच डोकी बघितली होती. आपलं डोकं कात्रीमागे कसं फिरतं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

काकूंनी आरशात बघून आधी उजवा कान चाचपला. मग अशा काही हसायला लागल्या, की खुर्ची गदगदा हलायला लागली.

"चुकलो गं," काका म्हणाले. डबा बाजूला ठेवून, मान हवी तशी वळवत त्यांनी दुसरी बाजू कापली, आणि काकू हसताना हलत होत्या तरी एकदाही टोकलं नाही. कापड झटकताना हळूच विचारलं, "रविवारी येशील?"

"टोपी लागेल मोठी. हे रूप कुणाला दाखवू?"

रविवारी काकू चेंडूपाशी उभ्या राहिल्या. काका मुकाट्याने मागे जाऊन, हाताची घडी घालून थांबले. काकूंनी काठी उचलली, सैलशा वळल्या आणि मारलं. टोपी उडाली.

"हललं का हो?"

"काय?"

"डोकं!"

"कोण बघतंय डोकं! काय उडालाय अगं चेंडू!"

"पण गेला कुठे?"

"तळ्यात."

काकू हसत हसत गवतावरच बसल्या. काकांनी खिशातून दुसरा चेंडू काढला आणि वाकून त्यांच्या पुढ्यात ठेवला.